डॉक्टरकडे न्यायचे मासे

—नाही, नाही, सुरी खाली ठेवा आधी. माझं बोलणं पुरं होऊ दे, मग तुमचं कापणं. आणि पेटीचं झाकण जरा बेताने उघडा, बिजागरी माझ्या नवऱ्याने बसवली होती, तो गेल्यापासून ती माझंसुद्धा ऐकत नाही. हं, आता बघा. बघा की! आहे का कुठे नाव ठेवायला जागा? पाठ बघा, पोट बघा, मिश्या बघा — एकेक मिशी कशी ताठ! या तुमच्या टेबलावर आजवर जे मासे आले असतील ते रडतराऊ आले असतील, असे तालेवार कॅटफिश पहिल्यांदाच आले, लिहून घ्या. नको, लिहून नका घेऊ, नुसतं लक्षात ठेवा. मी ऑर्डेला हिबलर, लग्नानंतरही हिबलरच. या भागात हिबलर म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, पण तुम्ही नव्या दिसता — उत्तरेकडच्या ना? बोलण्यावरून नाही ओळखलं, बुटांवरून ओळखलं. मिसिसिपीच्या चिखलात पांढरे बूट घालून आमच्याकडचं लेकरूसुद्धा उतरत नाही. असू दे, होईल सवय. तुम्हाला नाही तर बुटांना होईल.

तर डॉक्टरीणबाई, मला औषध नको, तपासणी नको, मला तुमच्याकडून फक्त एक फोन हवाय. आमच्या चर्चच्या पाळकांना. म्हणायचं — नमस्कार पाळकसाहेब, मी माशांच्या दवाखान्यातून बोलतेय, हिबलरबाईंचे मासे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, ठणठणीत आहेत. बस्स. खोटं थोडंच बोलायचंय? समोर ठेवलेत की! त्याचं असं झालंय, कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय की ऑर्डेलाच्या तळ्यावर हल्ली पाणकावळे फार, म्हणजे मासे आजारी असणार. आता पाणकावळ्यांना मी आवतण धाडते का? आवडत असेल त्यांना माझं तळं! पण काल बुधवारची प्रार्थना संपल्यावर पाळक मला बाजूला घेऊन म्हणतात कसे — ऑर्डेलाताई, यंदा कोंबडी तळूया का? कोंबडी! येत्या रविवारी आमचा परतीचा रविवार — जे जे गाव सोडून शिकागोला गेले, डेट्रॉइटला गेले, ते सगळे त्या दिवशी पोराबाळांसकट चर्चला परत येतात, आणि प्रार्थना झाली की अंगणात झाडाखाली मोठ्या कढया चढतात. मक्याच्या पिठात घोळवलेला मासा, कांदा घातलेली मक्याची भजी, बर्फाचा गोड चहा. आणि तो मासा आमच्या तळ्यातला, पापा होते तेव्हापासून. पापांनी कापूस मोडून तळी खणली तेव्हा लोक हसले होते — म्हणाले, लुशस हिबलरला म्हातारचळ लागला, चांगल्या शेतात पाणी भरून ठेवतोय. पहिल्या परतीच्या रविवारी त्याच लोकांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. तेव्हापासून एक वर्ष चुकलेलं नाही, आणि माझ्या हयातीत त्या कढईत कोंबडी पडणार? शिकागोहून माणूस गाडी हाकत हाकत, कंबर मोडून घेत येतो, तो कोंबडी खायला? शिकागोतल्या कोंबड्या मेल्या का सगळ्या?

काय? कुठे? ओठाला? — ते होय. ते भोक जन्मापासूनचं — बरं, नाही जन्मापासूनचं. गळाचं आहे. तिघांच्याही ओठाला आहे, हो, दिसतंय मला, चष्मा आहे डोळ्यांवर. गळ टाकून पकडले. मग? त्यात काय गुन्हा झाला? पहाटे बांधावर खुर्ची टाकली, गळाला कोंबडीचं काळीज लावलं — कोंबडीचा खरा उपयोग तो — आणि बसले. पटापट लागले. अहो, आपण माणसं डॉक्टरकडे जाताना काय करतो? आंघोळ करतो. धुतलेले कपडे घालतो. आमची आई तर डॉक्टरकडे जायचं म्हणजे केसांना तेल, पायात मोजे, आतले कपडेसुद्धा नवे कोरे, न जाणो डॉक्टर कुठपर्यंत बघेल! मग ताप असो, नाहीतर हात मोडून लोंबत असो. आमोस झाडावरून पडला तेव्हा तो इकडे विव्हळतोय आणि आई तिकडे त्याच्या शर्टाला इस्त्री करतेय. मी त्याच आईची मुलगी. माशांना डॉक्टरकडे न्यायचंय, तर त्यातल्या त्यात बरे दिसणारे तीन निवडले, काय चुकलं माझं? सुजलेले, डागाळलेले घेऊन यायचे आणि मग साऱ्या दवाखान्याने म्हणायचं, बघा, हिबलरांच्या घरी काय वाढून ठेवलंय!

हो, हो, कळलं. एवढं सावकाश सांगायला नको, मी बहिरी नाही. आजारी मासा खात नाही, खात नाही तो गळाला लागत नाही, म्हणून गळाला लागतो तो धडधाकटच असतो, आणि त्याला कापून तळ्याची खबर कळत नाही. तुम्हा नव्या डॉक्टरांना वाटतं हे तुम्हीच शोधून काढलं. आमचे पापा काय म्हणायचे माहितीये? म्हणायचे, गळाला लागलेल्या माशाला तळ्याची ख्यालीखुशाली विचारू नये, तो आपल्यापुरतं सांगतो. हे मी एवढीशी होते तेव्हापासून ऐकतेय. आता ठाऊक असून मी गळच का टाकला म्हणाल, तर — हे बघा, असं शब्दात पकडायचं नाही हं माणसाला. जे दिवसभर गोल गोल फिरतायत ते गळाला कुठून लागणार? त्यांना स्वतःची शेपूट पुरते.

कोण फिरतंय? कुणी नाही. मी म्हटलं का असं? — बरं, फिरतो एखादा. मासा आहे, कंटाळा येत असेल त्याला. आणि एखाददुसरा तोंड वर, शेपूट खाली असा पाण्यात उभा राहतो, उशिरा आलेला माणूस चर्चमध्ये मागे उभा राहतो ना, तसा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. टाळूला? हो, एकाच्या टाळूला, डोक्यावर, जरा लालसर आहे. जरा म्हणजे — खळगा म्हणता येईल. भोक म्हणा हवं तर. झालं? म्हणाले भोक! आणि ते एकाचं नाही. पण ऋतूच तसा आहे हो, पाणी ना गार ना गरम, या दिवसांत जंतूंची सुगी असते, हे काही मला शिकवायला नको. आणि माणसाला हा रोग लागत नाही तेही माहितीये, आजवर कुणाला लागला नाही, माझा नवरा तर रोगट मासे उघड्या हातांनी काढायचा आणि तेच हात शर्टाला पुसून जेवायला बसायचा, तो गेला तो हृदयविकाराने. पण हे तुम्ही शिकागोच्या पाहुण्यांना सांगून बघा! भरल्या ताटांसमोर उभं राहून सांगा — खा, मंडळी, पोटभर खा, टाळूला भोक पडायचा रोग आहे, पण तो तुम्हाला होत नाही. बघू कितीजण परत वाढून घेतात.

खाद्य? रोज. माझी खाद्याची गाडी रोज सकाळी बांधावरून फिरते, विचारा कुणालाही. दाणे पाण्यावर उडवणारा मागचा पंखा घोंघावतो तो पार रस्त्यापर्यंत ऐकू जातो. — दाणे? आता दाणे म्हणाल तर — गाडी फिरते असं म्हटलं मी. गाडीत दाणे असतात असं म्हटलं का? सोमवारपासून बंद केलंय मी खाद्य. दाण्याबरोबर जंतू पोटात जातात, उपाशी ठेवलं की साथ आवरते, हेही पापांनीच शिकवलंय. फक्त गाडी रिकामी फिरवते. पंखा लावते आणि एक फेरी मारून आणते. हसताय काय? माणूस दुपारी झोपला तरी दाराबाहेर चपला ठेवतोच की, कुणाला वाटावं घरात जाग आहे! — हो, ऐकणारं आहे ना कुणी. बांधापलीकडे आहे. कान लावून बसलेला असतो. त्याला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून.

कोण म्हणजे — आमोस. मघाशी नाही का सांगितलं, झाडावरून पडलेला. माझा थोरला भाऊ. मधे एक बांध, बांधाच्या अलीकडे माझं तळं, पलीकडे त्याचं, आणि बांधावर एक खांब. तुमचं बरं आहे, तुम्ही त्याच्या जिभेचे दिवस पाहिले नाहीत. माशांच्या कारखान्यात तो चव बघायला होता. तळ्यातला माल उचलण्याआधी एक मासा तिथे न्यावा लागतो, हो ना, मिठाशिवाय शिजवतात, आणि चाखणारा घास तोंडात घोळवून सांगतो, चालेल की थांबा. तळ्यातल्या शेवाळाची चव उतरलेली असली की थांबा. मोठमोठे तळेवाले टोपी हातात घेऊन उभे असायचे त्याच्यासमोर. वरमायसुद्धा एवढी मिजास करत नसेल! ते असो, ते त्याचं काम होतं. पण परतीच्या रविवारी, अंगणात, सगळी मंडळी जेवतायत, शिकागोची मावशी ताट हातात घेऊन माझं कौतुक करतेय, आणि हा माझ्या तळ्यातला मासा तोंडात घालतो, डोळे मिटतो, घास घोळवतो, ताट खाली ठेवतो आणि म्हणतो — मातकट.

एवढंच. एकच शब्द. मावशीने तिथल्या तिथे काटा खाली ठेवला. अहो, मासा पाण्यात राहतो, पाणी मातीत राहतं, जराशी चव येणारच की! ढगात वाढवायचे का मासे? आणि असेल मातकट. असेल! मी काय म्हणते, मला बाजूला घे, कानात सांग, ऑर्डेला, यंदा जरा चव उतरलीये. सांगता येत नव्हतं? त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. सात वर्षं झाली. चर्चमध्ये तो डाव्या बाकावर, मी उजव्या. त्याची बायको गेली तेव्हा मी गेले होते, स्वयंपाक केला, भांडी घासली, आठ दिवस राहिले, पण बोलले नाही. नाताळला रताळ्याचं गोडाचं ताट करते, ते त्या खांबावर ठेवते, दुसऱ्या दिवशी ताट धुऊन परत खांबावर. तेही नीट धुतलेलं नसतं. असं नका बघू, आमचं व्यवस्थित चाललंय.

खांब कशाला म्हणजे? जाळ्यासाठी. — हो, जाळं एकच आहे. दोघांत एक. मला वाटलंच तुम्ही कान टवकारणार. पापा जायच्या वेळी सगळी वाटणी करून गेले, जमीन अर्धी अर्धी, तळं एकेक, राहतं घर आमोसला, गाडी मला. जाळ्याशी गाडं अडलं. कुणीतरी शहाणा म्हणाला, मधोमध कापा. पापा तीन दिवस बोलले नव्हते, ते अंथरुणात उठून बसले. म्हणाले, अर्धं जाळं म्हणजे नुसतं मोठं भोक. कापायचं नाही, दोघांनी मिळून वापरायचं, आणि एकाच्या पाण्यातून काढलं की उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय दुसऱ्याच्या पाण्यात घालायचं नाही. ओलं जाळं म्हणजे एका तळ्याचं दुखणं दुसऱ्याच्या दारात. हे त्यांचं शेवटचं बोलणं. लोकांचे बाप जाताना देवाचं नाव घेतात, आमचा बाप जाळं वाळवा म्हणून गेला.

आणि आम्ही पाळलंय हो ते! भांडणाआधी पाळलं, भांडणानंतर पाळलं. मी वापरलं की खांबावर टांगायचं, वाळलं की तो नेणार. तो टांगणार, मी नेणार. शब्दाविना चाललं होतं इतकी वर्षं. — मागच्या शुक्रवारी? मागच्या शुक्रवारचं कोणी काही विचारलं का? तुम्ही नाही विचारलंत? मग मी का सांगतेय?

शुक्रवारी मला पहिला मासा फिरताना दिसला. म्हटलं बघावं तरी किती आहेत, म्हणून कोपऱ्यातल्या कोपऱ्यात जाळं ओढलं. आणि बघितलं. पुष्कळ होते. जाळं तसंच ओलंचिंब खांबावर टांगलं आणि घरात येऊन बसले, हात धुवायचंसुद्धा सुचलं नाही. रात्रभर आभाळ भरलेलं, वाळणार कुठून? शनिवारी सकाळी कॉफीचा पेला घेऊन खिडकीशी उभी आहे, तर आमोस बांधावर. खांबावरून जाळं काढतोय. खांद्यावर टाकतोय. चाललाय आपल्या तळ्याकडे. आणि त्याच्या तळ्यात काय आहे, ठाऊक आहे? पिल्लं. एवढाली, बोटाएवढी, नुकतीच आणून सोडलेली, त्यांना तर हा रोग सगळ्यात आधी धरतो. स्वतः घेतलेली मोठी तळी विकली त्याने बायको गेल्यावर, हे वाटणीचं एक ठेवलंय, त्यात जीव अडकलाय त्याचा, सकाळ-संध्याकाळ बादलीतून स्वतःच्या हाताने भरवतो त्यांना.

काय लागतं हो हाक मारायला? खिडकी उघडायची, ओरडायचं — आमोस, ओलं आहे! दोन शब्द. खिडकी उघडली पण मी. खरंच उघडली. आणि मग मनात आलं, सात वर्षांनी तोंड उघडायचं ते काय सांगायला, तर माझ्या तळ्यात रोग पडलाय? तो म्हणणार, मला चवीवरून तेव्हाच कळलं होतं. खिडकी परत लावली. तो झाडाआड जाईपर्यंत तिथे उभी होते, कॉफीवर साय धरली. आज गुरुवार. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही गं पोरी. तळं माझं मरतंय, पण मला फिरताना दिसतात ते त्याचे मासे. बोटाएवढे.

म्हणून तर आले. म्हटलं, नव्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या हे तीन मासे बघतील, म्हणतील ठणठणीत, मग पाळकांना फोन जाईल, मग माझ्या तळ्यात रोगच नव्हता, मग जाळं ओलं असलं तर असलं, नुसतं पाणीच होतं ते. असा हिशेब होता. हसू नकोस. तू हसत नाहीयेस. हस त्यापेक्षा.

बरं, मग तूच कर ना फोन. आमोस हिबलर, त्याला म्हण, पिल्लांना खाद्य टाकू नका, आजपासून बंद, माझं नाव नको घेऊस, म्हण साथ आहे सगळीकडे. — का नाही? नियम? एकाच्या तळ्याचं दुसऱ्याला सांगायचं नाही. वा, छान नियम आहे. कुणी केला? भाऊ नसलेल्या माणसाने केला असणार. — दर वेळी टाकलेल्या खाद्याबरोबर वाढतं म्हणतेस. म्हणजे आज संध्याकाळी तो बादली घेऊन गेला की आणखी जातील. आणि आज थांबला तर वाचतील. सगळी नाही? पुष्कळ. पुष्कळ वाचतील. ते नको सरकवूस माझ्याकडे. फोन सरकवू नकोस म्हणतेय ना. मला काय तुझ्यासारखे नियम नाहीत? मी बोलत नाही त्याच्याशी, हा माझा नियम आहे.

…दे इकडे. नंबर कशाला शोधतेस, पापांचंच घर ते, शाळेत होते तेव्हापासून बोटांना पाठ आहे. वाजतंय. नसेल घरात. बांधावर असेल. त्याला कुठे ऐकू येतंय आता या वयात! नाहीच उचलत, ठेवते मी, आपण आपलं कर्तव्य केलं, देव बघतो—

आमोस?

मी बोलतेय. मी म्हणजे कोण काय, किती बहिणी आहेत तुला? हे बघ, मला तुझ्याशी बोलायचं नाहीये, मी फक्त सांगतेय. पिल्लांना खाद्य टाकू नकोस. थांबव सगळं. माझ्या तळ्यात टाळूचा रोग पडलाय. जाळं मी ओलं टांगलं होतं, ते तू नेलंस आणि मी खिडकीत होते, बघत होते, आणि आमोस, मी तुला हाक मारली नाही. मारायला हवी होती. माझ्या तोंडातून — काय? काय म्हणालास?

डॉक्टरीणबाई, हा म्हणतो टाकलंच नाहीये खाद्य. सोमवारपासून. म्हणतो, तुझ्या गाडीचा पंखा वाजत होता पण दाणे पाण्यावर पडत नव्हते, मला काय बहिरा समजलीस? — अरे, बांधापलीकडून तुला दाणे पडल्याचं ऐकू येतं? इतकी वर्षं रोज? …रोज ऐकतो म्हणतो. दाणे पडले की कळतं, ऑर्डेला उठली. — आणि जाळं? जाळ्याचं काय केलंस? …पाण्यात घातलंच नाही! हाताला ओलं लागलं म्हणून कोठाराच्या पत्र्यावर पसरून टाकलंय, उन्हात, शनिवारपासून. म्हणतो, तू लहानपणापासून ओलंच टांगतेस, मी दर वेळी हात लावून बघतो. — मग सांगितलं का नाहीस मला? आं? मी का नाही सांगितलं? मी आधी विचारलं! …नाही, पुढे बोल. बोल, ऐकतेय.

पिल्लं बरी आहेत? एकही नाही फिरत? नीट बघितलंस? चष्मा लावून बघितलंस का?

…काही नाही. सर्दी झालीये मला. या दवाखान्यात फार गार करून ठेवतात.

कोंबडी? तुला कुणी सांगितलं कोंबडीचं? — पाळकांनी यालाही विचारलं, बघा! काय सांगितलंस मग? …म्हणतो, मी सांगितलं, हिबलर कोंबडी गळाला लावतात, कढईत नाही. शाबास. पण मासे आणायचे कुठून, आमोस? माझ्या तळ्यात जाळं ओढलं तर रोगी आणि बरे सगळे एका ठिकाणी येणार. — काय? गळ? …म्हणतो, शनिवारी पहाटे दोघं गळ टाकून बसू, गळाला लागतो तो धडधाकट. पापांचं वाक्य मलाच ऐकवतोय! आज पहाटेचे तीन कुणी काढले, मी ना? हो, मी. पाहिलेस? तू कुठून पाहिलेस? बरं. दोघं बसलो तर चर्चपुरते निघतील, हो, निघतील. ये. खुर्ची तुझी तू आण. काळीज मी आणते. मधल्या बांधावर, तुझ्याही नाही, माझ्याही नाही.

चव? चव तू बघणार म्हणतोस. …बघ की. बघ, मिठाशिवाय बघ, डोळे मिट, घोळव तोंडात पाहिजे तितकं. आणि आमोस — मातकट लागला तर लागला. फक्त या खेपेला माझ्या कानात सांग.

हं.

ठेवला. निरोप घ्यायची पद्धतच नाही त्याला, पहिल्यापासून.

काय बघताय माझ्याकडे? मला काही झालेलं नाही. आजारी आहेत ते गाडीत आहेत — मागे, पोत्याखाली, झाकलेल्या बादलीत, जिवंत, गोल गोल फिरणारे. हो, आणले होते! सगळ्यात वाईट दिसणारे निवडून आणले होते, मनाचा हिय्या झाला तर म्हणून. या तिघांना सुरी लावू नका, हे रविवारचे आहेत. बर्फ घाला त्यांच्यावर. आणि जा आता, बादली घेऊन या, तुमचं काय कापायचं ते कापा, बघायचं ते बघा — मी इथेच बसलेय. बूट काढून जा.